एकच जोडी, दोन अ‍ॅम्प: दुसरा घ्यावा की नाही?

परवा डोंबिवलीहून भाच्याचा फोन. "मामा, माझ्याच अ‍ॅम्पचं सेम मॉडेल मिळतंय. सेकंडहँड, खोक्यासकट, १८ हजार. उचलू का? स्पीकरच्या मागे चार टर्मिनल आहेतच. दोन अ‍ॅम्प लावले की ५० चे १०० वॅट होतील ना?"

त्याच्याकडे व्हार्फडेल लिंटन स्पीकरची जोडी आहे आणि ५० वॅटचा इंटिग्रेटेड (व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प. खोली साधारण १२ बाय १४. फोनवर नुसतं हो किंवा नाही सांगून भागलं नसतं, कारण "दोन अ‍ॅम्प लावणं" म्हणताना लोक निदान चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. स्पीकरच्या मागची टर्मिनलं जोडणारी पट्टी काढून वूफरला (खर्ज वाजवणारा मोठा कोन) एक आणि ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा छोटा) एक, हा झाला पॅसिव्ह बाय-अ‍ॅम्प. दोन्ही अ‍ॅम्प ब्रिज करून, म्हणजे प्रत्येकाचे दोन्ही चॅनेल एकत्र जुंपून, एका स्पीकरला एक द्यायचा, ही वेगळी गोष्ट. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारं सर्किट) काढून बाहेरून आवाज विभागायचा, ही तर पूर्ण वेगळी दुनिया. आणि एक अ‍ॅम्प गाण्याला, दुसरा सिनेमाला, स्पीकर मात्र तेच, हा चौथा प्रकार. या चौघांसमोर उभा असतो पाचवा पर्याय, ज्याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात: आहे तो अ‍ॅम्प विकून एकच मोठा घ्यायचा.

मी त्याला म्हटलं, पैसे द्यायच्या आधी दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आण.

आधी मोजा, मग बोला

तुम्हाला खरंच किती वॅट लागतात हे घरबसल्या काढता येतं. तुमचं सगळ्यात दणदणीत रेकॉर्डिंग लावा. घरातले ओरडतील किंवा तुमचे तुम्हालाच "आता बास" वाटेल तिथपर्यंत व्हॉल्यूम न्या आणि नॉबवर पेन्सिलीने खूण करा. गाणं बंद. अ‍ॅम्पही बंद करून त्याच्या मागून स्पीकरच्या वायरी सोडवा. आता २२० हर्ट्झचा, उणे १२ डेसिबलचा साइन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) डाउनलोड करून त्याच खुणेवर वाजवा आणि एसी व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या लाल-काळ्या टर्मिनलांना लावा. जो आकडा येईल त्याची चौपट करा. उणे १२ डेसिबल म्हणजे पूर्ण पातळीच्या पाव भाग व्होल्टेज, म्हणून चौपट. २२० हर्ट्झ एवढ्यासाठी की स्वस्तातले मल्टिमीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला काहीबाही दाखवतात. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर मात्र स्पीकर अजिबात सोडवू नका. लोडशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माझ्या हॉलमध्ये आकडा आला १.९ व्होल्ट. चौपट ७.६. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या रोधाने, म्हणजे ८ ओहमने, भागलं की सव्वासात वॅट. सगळ्यात मोठ्या ठोक्याला सव्वासात वॅट! ५० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमला २० व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे माझ्या "बास आता" पातळीच्या वरही ८ डेसिबलहून जास्त जागा शिल्लक. हा आकडा पाहिल्यावर मला माझ्याच मागच्या काही वर्षांच्या खरेदीची लाज वाटली होती, ते असो.

चौपट केल्यावर १८-२० व्होल्टच्या पुढे जात असाल तर तुमची गरज खरी आहे. मोठा हॉल, कमी सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला हळू वाजणारे) स्पीकर, बसायची जागा लांब, असं काहीतरी असेल. ५-१० व्होल्टमध्ये असाल तर पुढचं सगळं हौस म्हणून वाचा. हौसेला मोल नसतंच, फक्त ती गरज म्हणून खपवू नये.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवा. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ऐकायला ते "जरा मोठं" एवढंच असतं. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. ५० वरून १०० ला जाण्याने घर हादरत नाही.

पॅसिव्ह बाय-अ‍ॅम्प: चार टर्मिनलांचा मोह

स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार टर्मिनल असतात आणि वरच्या-खालच्या जोड्या पितळी पट्टीने जोडलेल्या असतात. पट्टी काढली की आतल्या क्रॉसओव्हरचे दोन स्वतंत्र भाग होतात. खालच्या भागाला एक अ‍ॅम्प, वरच्याला दुसरा. सगळ्याच स्पीकरना ही सोय नसते. डायनऑडिओवाले ती देतच नाहीत, केईएफच्या एलएस५० लाही एकच जोडी आहे. त्यावरून तो स्पीकर कमी दर्जाचा ठरत नाही.

आता भाच्याच्या हिशोबाकडे. ५० अधिक ५० बरोबर १००, हे इथे होत नाही. दोन्ही अ‍ॅम्पच्या पोटात पूर्ण गाणं जातं, खर्जापासून झांजेपर्यंत. ट्वीटरच्या अ‍ॅम्पलाही डग्ग्याच्या घुमाराएवढं व्होल्टेज काढावंच लागतं, फक्त तिथे करंट वाहत नाही. नळात पाण्याचा दाब पूर्ण, तोटी मात्र बंद. त्यामुळे मोठ्या ठोक्याला दोन्ही अ‍ॅम्प एकाच क्षणी २० व्होल्टच्या छताला डोकं आपटतात. छत आहे तिथेच राहतं आणि जास्तीत जास्त आवाज जवळपास तोच. शिवाय संगीतातली बरीचशी ताकद खालच्या पट्ट्यात असते. दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचा भाग सांभाळणारा दुसरा अ‍ॅम्प बहुतेक वेळ हवा खात बसतो.

मग फायदा काहीच नाही का? थोडा आहे. वूफरचा करंट ओढताना पहिल्या अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय दबतो, त्याचा त्रास ट्वीटरच्या अ‍ॅम्पला होत नाही. अ‍ॅम्प अगदी काठावर चालत असेल तर हा फरक ऐकू येऊ शकतो. घरगुती पातळीवर मला तरी तो पकडता आला नाही. मित्राला अदलाबदल करायला बसवून, मल्टिमीटरने पातळी जुळवून दहा वेळा ऐकलं. सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. पातळी न जुळवता ऐकाल तर जो एखाद्या डेसिबलने मोठा असेल तोच तुम्हाला "खुलून आल्यासारखा" वाटेल, आणि दुकानात नेमकं हेच होतं.

लावायच्या दोन पद्धती. एका स्पीकरला एक आख्खा स्टिरिओ अ‍ॅम्प दिला, त्याचा एक चॅनेल वूफरला आणि दुसरा ट्वीटरला, तर ते उभं लावणं. एक अ‍ॅम्प दोन्ही वूफरना आणि दुसरा दोन्ही ट्वीटरना, तर ते आडवं. दोन्ही अ‍ॅम्प अगदी सारखे असतील तर उभं बरं, कारण प्रत्येक पॉवर सप्लायवर एकाच वूफरचा भार येतो आणि अ‍ॅम्प स्पीकरच्या शेजारी ठेवून वायर आखूड करता येते. आडवं लावणारे बहुतेक जण वर व्हॉल्व्ह आणि खाली ट्रान्झिस्टर अशा हौसेने लावतात. कल्पना गोड आहे, पण गेन (सिग्नल किती मोठा होतो ते प्रमाण) जुळवायला लागतो. एकाचा गेन २६ डेसिबल आणि दुसऱ्याचा २९ असेल तर ट्वीटर ३ डेसिबल चढा वाजेल, आणि गायकाचा प्रत्येक "स" सुरीसारखा लागेल. काही अ‍ॅम्प सिग्नल उलटा करून देतात. तसा एक उलटा आणि एक सुलटा जुळला तर क्रॉसओव्हरच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. त्याला उपाय सोपा: एका अ‍ॅम्पच्या लाल-काळ्या वायरी डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरना उलट जोडायच्या.

भाच्याची अडचण आणखी पुढची होती. त्याचे दोन्ही अ‍ॅम्प इंटिग्रेटेड. म्हणजे दोन व्हॉल्यूम! पहिल्याला प्रीआउट (व्हॉल्यूमनंतरचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) आणि दुसऱ्याला पॉवर अ‍ॅम्पचा थेट इनपुट असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर दोन नॉबांच्या मागे धावायचं. एकच मॉडेल असल्यामुळे एका रिमोटने दोन्ही हलतात, ही गंमत त्याला फार आवडली होती. चार दिवसांनी एकाला रिमोटची एखादी टिचकी चुकते आणि मग आवाज कुठून बिघडला हे शोधत बसायचं. मी हे केलंय.

आणि ती पट्टी. मी पहिल्यांदा बाय-अ‍ॅम्प केलं तेव्हा डाव्या स्पीकरची पट्टी काढली आणि उजव्याची राहून गेली. रात्रीचे साडेअकरा, हॉलचा दिवा बंद, हातात मोबाइलचा टॉर्च. दोन वेगळे अ‍ॅम्प, गेन थोडा वेगळा, आणि मध्ये पितळेचा सरळ पूल. आवाज वाढवला तसा एक अ‍ॅम्प दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये करंट ढकलायला लागला. "टक्" करून प्रोटेक्शन रिले सुटला आणि मागोमाग गरम वार्निशचा वास. रिले नसता तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असते. तेव्हापासून पट्ट्या काढल्या की चारही मोजून टेबलावर ठेवतो आणि मगच प्लग लावतो. एकाच टर्मिनलवर दोन अ‍ॅम्प कधीही, कुठल्याही कारणाने जोडायचे नसतात, हा त्या रात्रीचा धडा फुकटात पडला.

सिनेमासाठीच्या ७ चॅनेलच्या एव्ही रिसीव्हरमधला "बाय-अ‍ॅम्प" मेनू पाहून हरखून जाणारेही आहेत. डेनॉन, मरान्ट्झ, यामाहा यांच्या बऱ्याच मॉडेलांत रिकामे पडलेले मागचे चॅनेल पुढच्या स्पीकरना देता येतात. दोन्ही चॅनेल एकाच ट्रान्सफॉर्मरवर पोसलेले असल्याने तो एक छोटा फायदाही हाती लागत नाही. वायर घरात पडली असेल तर करून बघा, वायर विकत आणू नका.

ब्रिज: इथे वॅट खरंच वाढतात

ब्रिज मोडमध्ये स्टिरिओ अ‍ॅम्पचे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर ओढतात, एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली. व्होल्टेज दुप्पट, म्हणून कागदावर वॅट चौपट. प्रत्यक्षात करंट आडवा येतो. ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला ४ ओहमचा भासतो. त्यामुळे अ‍ॅम्प ४ ओहमला ८० वॅट देत असेल तर ब्रिजमध्ये ८ ओहमला १६० धरा. ५० वरून १६० म्हणजे ५ डेसिबल, हे मात्र ऐकू येतं. एनएडीच्या सी २६८ चं उदाहरण घ्या: स्टिरिओत ८० वॅट, ब्रिजमध्ये ८ ओहमला ३००. असे दोन घेतले की दोन तगडे मोनोब्लॉक (एकेका स्पीकरचे स्वतंत्र अ‍ॅम्प) झाले.

पण ४ ओहमच्या स्पीकरला हे करू नका. चॅनेलला २ ओहम दिसतात, अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो. भाच्याचे लिंटन ६ ओहमचे म्हणून विकले जातात आणि काही ठिकाणी साडेतीनपर्यंत उतरतात. त्याचं निम्मं करा म्हणजे कळेल. शिवाय ब्रिजची सोय अ‍ॅम्पमध्ये मुळात असावी लागते, मागे स्विच असतो. त्याच्या इंटिग्रेटेडला ती नव्हतीच, तेव्हा त्याच्यापुरता हा विषय तिथेच संपला. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तेही जिवंत असतं. सबवूफरची हाय-लेव्हल (स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेणारी) वायर किंवा साधी स्विच बॉक्स तिथे जोडण्याआधी दहादा विचार करा.

एकच मोठा अ‍ॅम्प

गरज खरी असेल तर माझं मत इथे आहे, आणि यावर फार बोलण्यासारखं काही नाही हाच त्याचा गुण. एक प्लग, एक व्हॉल्यूम, वायरीचा एक संच. क्लास डी या कमी तापणाऱ्या रचनेमुळे मोठा अ‍ॅम्प आता पूर्वीसारखा २० किलोचा राहिला नाही. हायपेक्सचं एनसी२५२एमपी हे मॉड्यूल तळहाताहून थोडं मोठं आणि ४ ओहमला दर चॅनेल २५० वॅट देतं. अशी मॉड्यूलं डब्यात बसवून विकणारे पुष्कळ आहेत. जुना अ‍ॅम्प विकून आलेले पैसे आणि दुसऱ्यासाठी ठेवलेले १८ हजार एकत्र केले, तर बाय-अ‍ॅम्पच्या कितीतरी पुढे जाता येतं. तोटा एकच: जुन्या अ‍ॅम्पवर जीव जडलेला असतो. माझ्याकडचा ३० वर्षांचा अ‍ॅम्प अजून कपाटावर आहे, तो का विकला नाही हे बायको दर दिवाळीला विचारते.

अ‍ॅक्टिव्ह: वेळ असेल तर

दोन अ‍ॅम्प लावण्यातला खरा अर्थ मला इथे दिसतो. आवाज अ‍ॅम्पच्या आधीच विभागायचा, वूफरच्या अ‍ॅम्पला फक्त खालचं आणि ट्वीटरच्या अ‍ॅम्पला फक्त वरचं. आता दोघांची छतं वेगळी. खर्जाचा मोठा ठोका आला तरी ट्वीटरच्या अ‍ॅम्पला त्याची खबरही लागत नाही. हिशोबाने दोन ५० वॅटचे अ‍ॅम्प सगळ्यात अनुकूल परिस्थितीत २०० वॅटच्या एका अ‍ॅम्पची बरोबरी करू शकतात, कारण दोघांची २०-२० व्होल्टची शिखरं एकाच अ‍ॅम्पला ४० व्होल्ट म्हणून उभी करावी लागली असती. भाच्याच्या डोक्यातलं गणित इथे जमतं, उलट त्याहून जास्तच. शिवाय वूफर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये कॉइल उरत नाही.

विभागणी करायला मिनीडीएसपीच्या २x४ एचडीसारखा डीएसपीचा (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा) डबा लागतो: दोन इनपुट, चार आउटपुट. त्यात लिंकविट्झ-रायली फिल्टर निवडता येतो. ह्युलेट-पॅकार्डमधल्या सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या दोघांचं नाव त्याला मिळालं, लिंकविट्झचा त्यावरचा लेख १९७६ चा. पण फिल्टर निवडला म्हणजे झालं असं नाही. कंपनीने आतल्या क्रॉसओव्हरमध्ये फक्त विभागणी केलेली नसते. ट्वीटरची पातळी उतरवलेली असते, एखादा टोचणारा उंचवटा दाबलेला असतो, खोक्याच्या रुंदीमुळे पडणारा खर्जातला तुटवडा भरलेला असतो. हे सगळं तुम्हाला नव्याने उभं करायचं. त्यासाठी मोजमापाचा माइक हवा, आवाज मोजणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर हवं आणि तीन-चार रविवार हवेत. वॉरंटी जाते. आणि ट्वीटर थेट अ‍ॅम्पला जोडलेला असल्याने अ‍ॅम्प चालू करतानाचा एक "धप्प" किंवा डीएसपीत चुकीचा आउटपुट निवडला, की तो गेला. ट्वीटरच्या वायरीत एक संरक्षक कपॅसिटर ठेवतात तो यासाठी.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर आत तसाच ठेवून बाहेरून डीएसपी लावणारे भेटतात. दोन क्रॉसओव्हर एकावर एक चढतात आणि मधला भाग पोकळ होतो. एक मार्ग धरा.

आणि नुसती अदलाबदल

गाण्याला स्टिरिओ अ‍ॅम्प, सिनेमाला एव्ही रिसीव्हर, स्पीकर एकच जोडी. इथे स्विच बॉक्स घ्यायला धावू नका. स्टिरिओ अ‍ॅम्पला होम थिएटर बायपास (स्वतःचा व्हॉल्यूम वगळणारा इनपुट) किंवा पॉवर अ‍ॅम्प इनपुट असेल तर रिसीव्हरचा प्रीआउट तिथे द्या, स्पीकर कायम स्टिरिओ अ‍ॅम्पवरच. काम संपलं. हे नसेल तरच स्विच बॉक्स, आणि तोही लाल-काळ्या दोन्ही वायरी तोडणारा, पहिलं पूर्ण सोडून मग दुसरं धरणारा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर स्विचने त्याला लोडशिवाय सोडायचं नाही, कारण वर सांगितलंच.

घूं आणि गरमी

दोन अ‍ॅम्प आले की "घूं" येण्याची शक्यता वाढते, विशेषतः जुन्या इमारतींत, जिथे दोन प्लगांचं अर्थिंग दोन वाटांनी फिरतं. दोन्ही अ‍ॅम्प आणि प्रीअ‍ॅम्प एकाच सॉकेटवरच्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. अर्थची पिन काढून टाका असा सल्ला देणारा हमखास भेटतो. त्याला नमस्कार करून चहा पाजा आणि वाटेला लावा.

क्लास एबीचा (नेहमीच्या, तापणाऱ्या रचनेचा) अ‍ॅम्प नुसता चालू राहून ४० वॅट खात असेल, तर रोज पाच तासांनी महिन्याला ६ युनिट. महावितरणच्या बिलात ते दुर्लक्ष करण्याजोगं, पण एप्रिलमध्ये काचेच्या शोकेसमध्ये एकावर एक ठेवलेले दोन अ‍ॅम्प दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. हाताचा पंजा वरच्या जाळीवर पाच सेकंद ठेवता आला नाही तर शोकेसचं दार काढून ठेवा.

भाच्याने रविवारी मोजलं. २.४ व्होल्ट, चौपट ९.६, ६ ओहमने साधारण १५ वॅट. लिंटन साडेतीन ओहमला उतरतात तिथला करंट धरला तरी त्याचा अ‍ॅम्प निवांत आहे. मग विचारलं, "तुला नक्की काय कमी पडतंय रे?" म्हणाला, डग्गा घुमतो, पण बोल स्पष्ट येत नाहीत. स्पीकर कुठे ठेवलेत विचारलं, तर टीव्ही युनिटच्या दोन खणांत, पाठ भिंतीला टेकवून. स्टँडवर घेऊन दीड फूट पुढे ओढायला लावले. बुधवारी मेसेज आला की धा आणि धिं आता वेगळे ऐकू येतात.

दुसरा अ‍ॅम्प त्याने तरीही घेतला, १६ हजारांना. माळ्यावरचे जुने बुकशेल्फ स्पीकर काढून त्याने तो आईच्या खोलीत लावलाय, आणि ताई पहाटे साडेपाचला अभंग लावते.